‘च’ अक्षर

दवाखान्यातल्या काचेपलीकडच्या पेटीत नळ्या लावलेली लेक निजली होती आणि बाहेर तुषारचे पाय एका जागी ठरत नव्हते. गुरुजींनी ‘च’ अक्षर सांगितल्यापासून तो मोबाइलवर नावं शोधत होता.

“चार्वी म्हणजे सुंदर. चित्रा नक्षत्रावरून. चिन्मयी म्हणजे ज्ञानाने भरलेली. सगळी संस्कृतातली. ऐकतेस ना?”

बाकावर बसलेली शलाका मान वर न करता म्हणाली, “नाव नको. मागच्या खेपेला बाळ पोटात असतानाच आपण ‘चिराग’ ठरवलं. फारसी शब्द, दिवा म्हणजे, असं सगळ्यांना सांगत सुटलो. तो जन्मताच गेला, पण हाक अजून माझ्या तोंडात येते.”

तुषारने मोबाइल खिशात टाकला, परत काढला, पुन्हा टाकला.

इतक्यात नर्स बाहेर आली. “नळी काढलीय. बाळ स्वतःहून श्वास घेतंय, पण फार रडतंय. आई, आत या.”

तुषार काचेला चिकटला. शलाकाने पेटीच्या झरोक्यातून हात घातला, तिचे ओठ हलले आणि रडणं हळूहळू शमलं.

ती बाहेर येताच त्याने विचारलं, “काय म्हणालीस तिला?”

“‘चिमणे, मी आलेय,’ म्हटलं,” शलाका डोळे पुसत म्हणाली. “नाव ठेवायचंच नव्हतं रे. तोंडून निघूनच गेलं.”