थकव्याचे मार्क

"घरच्यांवर उगाच चिडता का? कधीच नाही, क्वचित की नेहमी?"

"घरचे भेटले तर चिडेन ना, सर," कुंदाबाई म्हणाल्या. "पण लिहा, नेहमी."

प्राध्यापक खांबेट्यांनी 'नेहमी'वर खूण केली आणि उसासा टाकला. अपघात विभागात काम करणाऱ्यांचा थकवा मोजायला ते पुण्याहून धुळ्याला आले होते. 'बर्नआउट' हा शब्द ऐकून दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना आधी जळीत वॉर्डात धाडलं. दुसऱ्या दिवशी गैरसमज दूर झाला, तसं साहेबांनी परस्पर जाहीर करून टाकलं, की ज्याचा थकवा सगळ्यात जास्त भरेल, त्याला नेत्रविभागातली रिकामी जागा. दहा ते पाच, रविवारी सुट्टी, आणि डोळ्याचा पेशंट सहसा मरत नाही.

तेव्हापासून अख्खा विभाग मरणाचा थकला होता. ड्रेसर भिंतीला टेकल्याशिवाय बोलेना. एक्सरेवाल्याला तर प्रश्न ऐकता ऐकताच झोप लागली.

"सिस्टर, खरं सांगा हो. मार्क वाढावेत म्हणून सांगू नका."

"खरंच सांगते." कुंदाबाईंनी खिडकीतून गेटाकडं पाहिलं. मघापासून त्यांचं तेच चाललं होतं. "ती डोळ्यांची जागा मला मिळाली नाही, तर मी इथंच संपेन, सर. हात जोडते."

"कोणाची वाट बघताय?"

"मालकांची. रावेरहून केळी भरून मुंबईला ट्रक नेतात. जाता-येता गेटाशी हॉर्न मारतात, लांबलचक. आत पाऊल टाकत नाहीत, फिनेलच्या वासानं त्यांना मळमळतं. मग मी जाते बाहेर. घराची किल्ली एकच आहे ना. जो मागून निघेल, त्यानं कुलूप लावायचं आणि किल्ली दुसऱ्याला पोचवायची. या खेपेला ते मागून निघाले, किल्ली त्यांच्याकडंच आहे."

"मग दुसरी किल्ली करून घ्यावी."

"होती की!" कुंदाबाई पहिल्यांदाच हसल्या. "पण मग हे नुसता हॉर्न मारून पुढंच जायला लागले. एके दिवशी मीच ती पांझरा नदीत टाकून आले. म्हटलं, हरवली." त्यांनी पुन्हा गेटाकडं पाहिलं. "किल्ली देता-घेता होतो, तेवढाच आमचा संसार. मला दहा ते पाच मिळालं, तर ते ट्रक सोडून इथंच टेम्पो चालवणार आहेत. कबूल केलंय त्यांनी. हा एकच महिना, म्हणालेत."

खांबेट्यांना गहिवरून आलं. पण त्यांच्या शास्त्रात गहिवराला रकाना नव्हता. त्यांनी पुढचा प्रश्न काढला.

तेवढ्यात बाहेर कल्लोळ उठला. वॉर्डातला जुना नोकर झुलाल धापा टाकत दारात आला. "अक्का, चला! फागणे गावजोडे अपघात व्हयना. वऱ्हाडनी जीप शे!"

कुंदाबाई धावल्याच. खांबेटे दारात जाऊन उभे राहिले. हळदीची लुगडी, रक्त, कुणाच्या तरी हातात तुटलेल्या मुंडावळ्या. कोण रडतंय, कोण नवरदेवाला शोधतंय. एक फेटेवाला म्हातारा मोडका हात छातीशी धरून भेटेल त्याला सांगत होता, "समोरना गाडीवालानी सोतानी गाडी खड्डामा घाली दिन्ही, म्हनीसन आम्ही बठ्ठा वाचनूत, भाऊ. देवमानूस शे!"

मागून एक स्ट्रेचर आलं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि नुसतंच पडद्याकडं बोट दाखवलं. कुंदाबाई त्याच्यामागं पडद्याआड गेल्या. काही वेळानं बाहेर आल्या आणि सरळ त्या म्हाताऱ्याचा हात फळीला बांधायला बसल्या.

"हात कितला हलका शे वं माय तुना," म्हातारा म्हणाला.

कुंदाबाईंनी गाठ मारली आणि पुढच्या पेशंटकडं वळल्या.

गर्दी ओसरली, तसे त्यांनी हात धुतले आणि येऊन खांबेट्यांसमोर बसल्या. टेबलावर किल्ली ठेवली. तिला लाल दोरा बांधलेला होता आणि ती ओली होती. दवाखान्यातली माणसं काहीही धुतात, खांबेट्यांच्या मनात आलं.

"किल्ली आली वाटतं?"

"आली."

"हॉर्न काही ऐकू आला नाही."

"नाही ना."

"या गोंधळात कुठला ऐकू यायला! बरं, दिवस कसाबसा ढकलावा लागतो, असं वाटतं?"

"नाही."

"माणसांचा वीट येतो?"

"नाही. त्यांचा काय दोष?"

"अहो, मघाशी तर सगळ्यालाच नेहमी म्हणत होतात!"

"मघाची उत्तरं खोडा, सर. ती जागाही दुसऱ्या कोणाला द्या. मला आता इथंच बरं."

खांबेट्यांना भरून आलं. साऱ्या विभागात एक माणूस अखेर खरं बोललं होतं! आणि पुरावा तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. एवढ्या रक्तात या बाईची एकही गाठ चुकली नव्हती. त्यांनी जुन्या खुणा खोडल्या, बेरीज केली. सगळ्यांत कमी थकवा. अशी बाई अपघात विभागातून कधीही हलवू नये, असं साहेबांना आजच सांगायचं त्यांनी ठरवलं.

"ड्यूटी संपली ना तुमची? जा आता घरी. मालक थांबलेत की गेले पुढं?"

"थांबलेत," कुंदाबाई म्हणाल्या. "या खेपेला थांबलेत."

"वा! मग निघा की."

दारात हवालदार येऊन उभा राहिला. टोपी काखेत, हातात कागद.

"सिस्टर, तो पडद्यामागचा ट्रक ड्रायव्हर... त्याचं कोणी आलंय का? पंचनाम्यावर सही पाहिजे."

"आलंय." कुंदाबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ नीट ओढून पाहिली. "मघापासून इथंच बसलंय."