चाकाखालचं लिंबू
छप्पन साली देवनहळ्ळीच्या खडकाळ रस्त्यावर आमच्या लॉरीचं पोट घासायचं, म्हणून ती उंच करायची ठरली. कशी आणि किती, तेच कळेना. एक मिस्त्री म्हणाला, "कमानीचे पाटे वाढवा." दुसरा म्हणाला, "कमानीखाली ठोकळे घाला. पण फार उचललीत तर स्टिअरिंग झिजेल." डोकं पिकलं. शेवटी मधल्या उंचीचे ठोकळे बसवले. दसऱ्याच्या आयुधपूजेला गॅरेजातच चाकाखाली लिंबू ठेवलं. लॉरी चालवून ते चिरडायचा मान दरवर्षी वडिलांचा, अण्णांचा. अण्णांनी पाय उचलला, पायरीला पोचेना. पुन्हा उचलला. मग गुडघा धरून, दुसऱ्याचीच लॉरी असल्यासारखं बघत राहिले. मी पूजेचा चौरंग सरकवला. "त्यावर पाय? छे!" त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "सरी, ठीक आहे, यापुढे तूच चालव." मी लिंबू काढलं. "मिस्त्री, ठोकळे उतरवा." तो गोंधळला. "पण पोट पुन्हा घासेल!" "घासू दे. लिंबू अण्णाच चिरडतील."