ठिपक्याचं मूळ

केतकी वरणभात कालवत होती, तेवढ्यात डॉक्टर इनामदारबाईंचा फोन आला. तिच्या आठ वर्षांच्या लेकीला, चार्वीला, काल शाळेत फिट आली होती, तब्बल पाच वर्षांनी. तेव्हा मेंदूत शिरलेली जंताची अळी औषधांनी केव्हाच मेली होती, पण तिचा चुन्यासारखा ठिपका मागे राहिला होता. चार्वीच्या कानामागे चिकटवलेल्या, मेंदू तपासणाऱ्या टिकलीएवढ्या यंत्राने आज सकाळी तो ठिपका वाचला होता.

"गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतील, बहुतेक बरीच वर्षं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हल्ली टिकलीला जंत कुणाकडून आला तेही कळतं. तेव्हा तुमचं घरातल्या सगळ्यांचं, स्वयंपाकीणबाईंचंही, रक्त घेतलं होतं, त्याच्याशी जुळवून पाहिलं."

"पारूताईच ना? स्वयंपाक त्याच करायच्या. मी तेव्हाच काढलं त्यांना."

"त्यांच्याशी नाही जुळलं. तुमच्याशी जुळलं."

"माझ्याशी कसं? मला कधी काहीच झालं नाही."

"ज्याच्या पोटात जंत असतो, त्याला बहुतेकदा पत्ताही नसतो. त्याची अंडी हातावाटे दुसऱ्याच्या घासात जातात. डुकराचं मटण कधी अर्धकच्चं खाल्लं होतं?"

कॉलेजच्या सहलीत, घरी न सांगता, एकदाच. केतकीला आठवलं.

"आई, भरव ना," म्हणत चार्वीने तोंड उघडलं.

केतकीची बोटं भातातच राहिली. पारूताईंना काढल्यापासून तिने लेकीला दुसऱ्या कुणाच्या हातचा घाससुद्धा खाऊ दिला नव्हता.