मेलेल्या माणसाचं काम

"राजे, मेल्यावर तुम्ही श्वास घेताय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाली.

तक्रार रास्त होती. पडद्यावरचा म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत मरून पडला होता आणि राजांची छाती माइकमध्ये शिट्टी वाजवत होती. सकाळपासून ही चौथी खेप.

राजे म्हणजे काही राजे नव्हेत. तीस वर्षं नाटकात राजा होते. नाटक कंपनी बसली, मुकुट भाड्याचा होता तो परत गेला, हाक तेवढी अंगाला चिकटून राहिली. पुढची वीस वर्षं त्यांनी एका परदेशी नटाला आपल्या भाषेत बोलतं केलं. त्या नटाला याचा पत्ता नव्हता. गेल्या महिन्यात तो वारला, तेव्हा राजांच्या घरी चार माणसं समाचाराला येऊन गेली. "फार वाईट झालं. आता तुमचं कसं?" असं म्हणून चहा पिऊन उठली. प्रश्न तसा बरोबर होता. त्या नटाचा हा शेवटचा सिनेमा, आणि त्यातलं हे शेवटचं दृश्य.

निर्मात्याने खबरदारी म्हणून बाहेर बाकावर एक नकलाकार आणून बसवला होता. तो राजांचा आवाज राजांपेक्षा बरा काढतो, असं त्याचं स्वतःचं मत होतं. "राजांना नाही झेपलं तर हा आहेच," निर्माता राजांच्या देखतच म्हणाला होता. राजांचा दम गेला म्हणजे कानही गेले असावेत, असा त्याचा हिशेब.

माइकची खोली कपाटाएवढी. पंखा बंद, कारण तो घरघरतो. इस्त्रीचा शर्ट नको, कारण तो कुरकुरतो. घड्याळ बाहेर, किल्ल्या बाहेर. एके काळी शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाणारे राजे मऊ, विटक्या सदऱ्यात माइकपासून वीतभर अंतरावर उभे राहून कुजबुजत होते. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. तो पुसायची सोय नव्हती. बाहीसुद्धा ऐकू येते.

"मी काय म्हणते," रेकॉर्डिस्ट म्हणाली, "वाक्य झकास आलंय. पुढची शांतता मी माझ्याकडची घालते. तुम्ही मरा आणि लगेच बाहेर येऊन पाणी प्या."

"तुझ्याकडची म्हणजे?"

"अहो, शांतता ती शांतता. कुणाचीही चालते."

"नाही चालत, पोरी. मरायचं मी आणि मेलेलं राहायचं दुसऱ्याने, असलं काम मी केलेलं नाही. चारशे वेळा मेलोय. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत."

"आणि श्वास?"

"धरायचा. पडदा पडेपर्यंत."

"डोळे मिटलेले असताना पडदा पडला हे कळायचं कसं?"

राजांनी काचेतून मागच्या सोफ्याकडे पाहिलं. तिथे त्यांच्या पत्नी मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. नाटकाच्या दिवसांत त्या विंगेत उभ्या राहून राजांना विसरलेली वाक्यं सांगायच्या.

"कळायचं," राजे म्हणाले.

रेकॉर्डिस्टने खुर्ची वळवली. "काकू, तुम्ही तरी सांगा ना यांना. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"जिने चढू नका, एवढंच. मरू नका असं काही ते म्हणाले नाहीत," काकू म्हणाल्या. "लाव गं तू. मी आयुष्यभर त्यांना वाक्यं सांगितली, पण ऐकलं ते फक्त विसरल्यावर."

लाल दिवा लागला.

पडद्यावर म्हाताऱ्याने मान मुलीकडे वळवली. "उद्या ये... उद्या मला... जरा बरं वाटेल." म्हातारा वाक्य नको तिथे तोडत होता, दम घ्यायला थांबत होता. लोक याला अभिनय म्हणणार होते. हा नट आजारी आहे, हे राजांना दोन सिनेमांपूर्वीच त्या श्वासावरून कळलं होतं. ते कुणाला बोलले नव्हते. बोलून सांगणार तरी कुणाला? राजेही तिथे तिथेच थांबले. त्यासाठी त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही.

म्हाताऱ्याची मान कलली. राजांनी डोळे मिटले आणि श्वास धरला.

कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलेना. दिग्दर्शकांना काय, मेलेल्या माणसाकडे कितीही वेळ बघता येतं. सात सेकंद. दहा. यंत्रावरची आवाजाची हिरवी रेघ आडवी पडली होती. पंधरा. राजांच्या गळ्याची शीर दोरीसारखी वर आली. नाकावरचा थेंब सुटून संवादांच्या कागदावर पडला, पण रेघ हलली नाही. एकोणीस. चित्र संपलं, पडदा काळा झाला.

"झालं! राजे, झालं!" रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठलीच. आनंदाच्या भरात बोलण्याचं बटण दाबायचं मात्र राहून गेलं.

काचेपलीकडे काही ऐकू गेलं नाही. राजे डोळे मिटून तसेच उभे. ओठ निळसर दिसायला लागले होते.

काकूंनी पर्स सोफ्यावर ठेवली. उठून टेबलापाशी आल्या आणि बटण दाबलं. विंगेत बोलतात तसं, ओठ न हलवता, पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्या म्हणाल्या,

"पडदा पडला हो."

हिरवी रेघ टोकापर्यंत उसळली.