केसभर वाकडी

धाकट्या एसेनला वाटत होतं, दादा बंदूक विकायला आलाय. एसेन बाहेर दोन्ही घोडे धरून उभा होता. आत त्याचा थोरला भाऊ तोलगोन दबक्या आवाजात बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, उस्ता जुमाशला, म्हणाला, “नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी काढ आणि जाडशी बसवून दे. डोळे गेलेत माझे. हिवाळाभर एक लांडगा पडला नाही. गावाने शिकारीचं माझं म्होरकेपण एसेनला दिलं.”

जुमाशने माशीच्या पिनांवर हातोडी चालवली. पिना तसूभरही हलेनात. नळीचं टोक तापवल्यावर जळक्या गोंदाचा वास सुटला आणि त्या निघाल्या. जुमाशने माशी उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

“काय झालं?”

“तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय! ही माशी कुणीतरी काढून केसभर वाकडी बसवलीय, वर पिना गोंदाने पक्क्या केल्यात.” तो अडखळला. “हिवाळ्याआधी एसेन माझ्याकडून गोंद आणि पिना काढायची सळई घेऊन गेला होता. म्हणाला, दादाने मागवलीय.”

गावात कुणी तोलगोनच्या नेमाला हसलं, की एसेनच आधी त्याच्या अंगावर धावून जायचा. तोलगोनने बंदूक पुन्हा जुमाशपुढे सरकवली.

“हीच माशी सरळ बसव,” तो म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा एसेन म्हणाला, “विकली नाहीस? बरं, लगाम माझ्याकडेच असू दे, दादा. बर्फात तुला दिसायचं नाही.”

तोलगोनने त्याच्या हातातून लगाम काढून घेतला.

“लांबचं मला दिसतच होतं रे. जवळचं आज दिसलं.”