उष्टं औषध

औषधाच्या खिडकीपुढे थोरला रांगेत उभा होता आणि मनातल्या मनात सातचा पाढा म्हणत होता.

तुरुंगाच्या दवाखान्यातला कंपाउंडर मुरलेला माणूस. प्रत्येकाला मापातून औषध पाजायचा आणि लगेच पाढा म्हणायला लावायचा. तोंडात औषध धरून ठेवलं तर पाढा म्हणता येत नाही. बराकीत त्या घोटाला गिऱ्हाईक असायचं, म्हणून ही खबरदारी.

"गिळलंस? मग म्हण."

"सात एके सात, सात दुणे..." पुढचा कैदी अडखळला.

"चौदा रे बाबा. ह्या वयात तुला पाढे शिकवायचे म्हणजे नशीबच माझं."

रांग हसली.

"हसू नका. पावडर ओढणाऱ्यांचं औषध आहे हे. थेंब थेंब वाढवत तुम्हाला इथवर आणलंय. ह्यातलं एक माप मी प्यायलो, तर मला चौघे उचलून नेतील."

थोरल्याच्या कानांवर ते पडलं, पण कंपाउंडरच्या असल्या गमती त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या. त्याचं लक्ष बराकीत होतं. त्याचा धाकटा भाऊ परवाच आत आला होता. दारूच्या पायी एका दुकानाचं शटर फोडलेलं. आल्यापासून दारू तुटल्याने त्याचे हातपाय थरथरत होते, दातांवर दात आपटत होते. उद्या कोर्टात ठरणार होतं, त्याला उपचाराला पाठवायचं की शिक्षा द्यायची. तिथे वकिलाने बोलून भागत नसे. मला ह्यातून सुटायचंय, हे आरोपीने स्वतःच्या तोंडाने सांगावं लागे. आणि धाकट्याला तर स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. तुरुंगाचे डॉक्टर उद्यापर्यंत येणार नव्हते.

थोरल्याचा नंबर आला. त्याने माप तोंडात रिकामं केलं आणि ओठ मिटले. आता पाढा कसा म्हणायचा, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

कंपाउंडरने त्याच्याकडे पाहिलं आणि हात हलवला. "तुझं काय ऐकायचं? तू माझा शहाणा विद्यार्थी. चल, हो पुढे."

बराकीच्या दारावरचा शिपाई म्हणाला, "काय रे, तोंड शिवून आलास की काय?" थोरल्याने नुसती मान डोलावली.

धाकटा भिंतीला लागून घोंगडीत मुटकुळं करून पडला होता. थोरल्याने तोंडातलं औषध पेल्यात काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"काय आहे, दादा?"

"औषध. डोळे मीट आणि पी. मला ह्यानेच उभं केलंय."

"तुझ्या तोंडातलं?"

"लहानपणी माझ्या तोंडातली गोळी काढून खायचास, तेव्हा नव्हतं का ते उष्टं?"

धाकटा हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्या हातात पेला ठरेना, म्हणून थोरल्याने स्वतःच तो त्याच्या ओठांना लावला.

"दादा, उद्या काय बोलायचं ते सांग पुन्हा."

"मला ह्यातून सुटायचंय. बस, एवढंच."

"मला ह्यातून सुटायचंय. मला ह्यातून सुटायचंय." शाळेतली कविता पाठ करावी तसा तो घोकत राहिला. दुपार कलली तशी त्याच्या हातांची थरथर थांबली. घोकता घोकता एकदा वाक्य अर्ध्यावरच सुटलं आणि त्याची मान कलंडली.

थोड्या वेळाने तो घोरू लागला. खोल, ओढल्यासारखं. मध्येच थांबायचा आणि मग एकदम मोठा घुरका मारायचा.

"अरे, आवर तुझ्या भावाला," पत्ते खेळणाऱ्यांतला एकजण म्हणाला. "घोरतोय की लाकडं कापतोय?"

"कापू दे. आल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याचा."

थोरला त्याच्या उशाशी बसून राहिला. संध्याकाळची हजेरी व्हायच्या सुमारास घोरणं बारीक झालं. दोन घुरक्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग आवाज थांबला.

थोरल्याने घोंगडी त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली, कडा नीट खोचल्या. पत्ते आपटणाऱ्यांकडे वळून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू रे जरा. आत्ता कुठे शांत झोपलाय."