लांबट कणांचं रक्त

शुद्धीवर येताच अच्युत रांगणेकरांनी विचारलं, "मला चढवलेलं रक्त गोल कणांचं आहे ना?"

डॉक्टर मृदुला टिपणीस खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "नाही. तुमच्याच कारखान्यातलं आहे. लांबट कणांचं."

रांगणेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. कृत्रिम रक्तातले कण गोल असले की एकमेकांवरून सहज घसरतात. लांबट कण बनवायला सोपे, पण हृदयाने जोर लावला की ते एकमेकांत अडकतात आणि दाट रक्त जागीच आळतं. मृदुलाबाईंची मुलगी शर्वरी अशीच गेली होती. अपघातानंतर हेच रक्त चढवून बरी झालेली पोर खो-खो खेळताना मैदानातच कोसळली. चौकशीत मात्र रांगणेकरांनी शपथेवर सांगितलं, कणांच्या आकाराने काही बिघडत नाही.

"गोल कणांचं रक्त नव्हतं का?"

"होतं. फ्रिजमध्ये आहे अजून," मृदुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "जपून राहिलात तर पुष्कळ जगाल. धावायचं नाही, जिना चढायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, संतापायचं नाही."

"तुला मी सोडणार नाही!" रांगणेकर ओरडत उठू लागले. त्याबरोबर छातीत काहीतरी दगडासारखं दाटून आलं. घाबरून ते पुन्हा आडवे झाले आणि ओठ मिटून संथ श्वास घेऊ लागले.

मृदुलाबाईंनी खुर्ची आणखी जवळ घेतली.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "शर्वरी झाली तेव्हापासून सांगते."